कळवणाऱ्याचं नाव

आबा, तुमच्यानंतर एक मोठा आजार येऊन गेला. आईनं तुम्हाला सांगितलं असेलच. ती दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आली आणि ती काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पण त्यातलं माझ्याबद्दल तिनं काय सांगितलं असेल, याची मला शंका आहे. म्हणून माझ्या बाजूनं लिहिते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एड.ला होते. आता बोईसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. त्याच गावात राहिले, जिथं तुम्ही जळगावकडून ट्रंक घेऊन उतरलात आणि रंगाच्या कंपनीत लागलात. आजार आला त्या उन्हाळ्यात बऱ्याच कंपन्या बंद होत्या. कुंभवलीच्या बाजूनं येणारा तो वास, ज्यावरून तुम्ही दारात उभं राहून वारा कुठला ते सांगायचात, तो काही आठवडे आलाच नाही. लोक म्हणायचे हवा साफ झाली. मला मात्र वास नसलेली ती हवाच संशयास्पद वाटायची. बाहेर काय आहे, ते नाकाला कळेना.

गेल्या वर्षी कॉलेजात ठरलं की मुलांनी त्या काळाचा इतिहास गोळा करायचा. वह्यांत नाही, वेबसाइटवर. बोईसर, पालघर आणि किनाऱ्यावरच्या गावांचा नकाशा असायचा. त्यावरच्या एखाद्या खुणेवर बोट ठेवलं की तिथल्या माणसाचा आवाज ऐकू यायचा, खाली त्याचं बोलणं टाइप केलेलं, सोबत त्या वेळचे पास, दुकानापुढच्या चुन्याच्या वर्तुळांचे फोटो, व्हॉट्सॲपवर फिरलेले मेसेज. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा पाचवी-सहावीत होती. त्यांना वाटायचं आपल्याला सगळं आठवतं, आणि आठवायचं ते फक्त मोबाइलवरची शाळा आणि घरात केलेले केक. मी त्यांना पहिल्या दिवशी तुमची बॅचशीटची गोष्ट सांगितली. दर तासाला रिॲक्टरचं तापमान बघून लिहायचं असतं, पण काही ऑपरेटर पाळी संपताना बसून सगळे आकडे एकदम भरतात, आणि तुम्हाला त्याचा किती राग यायचा, ते. म्हटलं, लोक सांगतील तेच लिहा. त्यांनी काय सांगायला हवं होतं, ते लिहू नका. मुलं हसली. संमतीचा एक कागद मी स्वतः तयार केला. खाली दोन चौकोन होते: नाव द्यावं, नाव देऊ नये. त्यातल्या एकावर खूण करून सही करायची.

लोक बोलायला तयार नव्हते. कुंभवलीत कंपनीच्या गेटबाहेर चहा पिणाऱ्या एका कामगारानं मुलांना विचारलं, ‘‘ये सब किसको दिखाओगे? कंपनी को?’’ एका दुकानदारानं मुलांचे फोटो काढून ठेवले, उद्या काही झालं तर असू देत म्हणून. आणि जे बोलले, त्यांच्या बोलण्यातही आजार कमी होता. त्यात होतं ते एकच, कोणी आणला. मुंबईहून आलेल्यांनी आणला. कंपनीवाल्यांनी आणला. किनाऱ्यावरची माणसं म्हणायची बोईसरच्यांनी आणला. बोईसरची माणसं म्हणायची मासळी विकायला येणाऱ्यांनी आणला. कित्येक गावांनी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. मुलांनी हे सगळं ऐकून नकाशावर खुणा केल्या आणि एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, बाण काढले तर सगळे बाण सगळीकडे जातायत.’’ वर्गात हशा पिकला. मीही हसले.

मग एके दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. बारावी आर्ट्सची, हुशार, कमी बोलणारी. ती आमच्याच इमारतीत राहते, पहिल्या मजल्यावर. मी दुसऱ्यावर. तिचे वडील कुंभवलीला कंपनीत आहेत, आई घरी ब्लाऊज शिवते, मूळची बीडकडची माणसं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, मी आपल्या बिल्डिंगवर करू का?’’ मी म्हटलं, ‘‘आपल्या बिल्डिंगमध्ये काय झालं होतं एवढं?’’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘‘खालच्या काकूंच्या आईला नेलं होतं ना. कोणीतरी फोन केला होता. तो कोणी केला, ते शोधायचं.’’ मी म्हटलं, कर. दुसरं काय म्हणणार होते? पण ती वळून गेल्यावर मी बराच वेळ हातातल्या खडूकडे बघत बसले. मला वाटलं, हिला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच विचारायला आली.

झालं होतं ते असं. तळमजल्यावर एक कुटुंब राहायचं. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, बायको एडवणची, कोळ्यांच्या घरातली. त्यांची मुलगी आणि ही पहिल्या मजल्यावरची मुलगी एका वर्गात, दिवसभर एकमेकींच्या घरात. सगळं बंद असताना एका दुपारी भाजीचा टेम्पो आला आणि भाजी उतरवून झाल्यावर मागून एक म्हातारी उतरली. ती खालच्या बाईची आई. मुंबईत मुलाकडे असायची. तिकडे त्यांच्या गल्लीत आजार शिरला, म्हणून मुलानं तिला कशीतरी इकडे पाठवली होती. तोंडाला पदर, हातात एक पिशवी. मी गॅलरीतून बघितलं. तिला खोकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नळावर ती पाणी भरायला आली तेव्हा पहिल्या मजल्यावरची बाई, म्हणजे या मुलीची आई, तिच्यावर ओरडली. ‘‘सगळ्या बिल्डिंगला मारणार का तुम्ही? थांबा, कळवतेच मी आता!’’ हे सगळ्यांनी ऐकलं. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं होती.

तिनं कळवलं नाही. मी कळवलं. बाहेरून कोणी आलं तर सांगा म्हणून एक नंबर मोबाइलवर फिरत होता. आईला दमा होता, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत तिला नुसता ठसका लागला तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून फोन लावला. आई भाकरी थापत होती. मी बोलत असताना थापण्याचा आवाज थांबला होता, हे मला पक्कं आठवतं. फोन ठेवल्यावर तो पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाडी आली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी म्हातारीला नेलं, तिच्यासोबत मुलगी, जावई, नात, सगळ्यांनाच. नात हातात वही घेऊन गाडीत चढली. इमारतीच्या दाराला बांबू लागला.

कुठल्याशा वसतिगृहात त्यांना ठेवलं होतं. म्हातारीची पहिली तपासणी साफ आली. आठवड्यानंतरची तशी आली नाही. तिथं तिच्या खोलीत बाहेरची आणखी माणसं होती. ती आजार घेऊन आली होती की तिथं गेल्यावर तिला लागला, ते कोणालाच सांगता येणार नाही. पुढं माझ्या वर्गातल्या मुलांनी एका डॉक्टरांना विचारलं तेव्हा तेही हेच म्हणाले. पंधराव्या-सोळाव्या दिवशी ती गेली. मुलीला लांबूनच दाखवली. ते तिघे घरी परत आले तेव्हा त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही. दोन महिन्यांत खोली सोडून ते एडवणला निघून गेले. जाताना खालच्या बाईनं टेम्पोजवळ उभं राहून पहिल्या मजल्याकडे तोंड करून जे काय म्हणायचं ते म्हटलं. सगळ्यांनी दारं लावून घेतली. आणि आबा, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. फोन केला तेव्हा नळावरची ती ओरड माझ्या डोक्यात होती का? नाव तिचं येईल असा हिशोब मी केला होता का? मी स्वतःला कित्येकदा विचारलंय. दर वेळी उत्तर येतं, नाही. पण त्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

तुम्हाला आठवतं, आपण कुंभवलीच्या चाळीत होतो, मी चौथीत होते? शेजारचे काका आजारी म्हणून रजेवर होते आणि छपरावर चढून कौलं शाकारत होते. कंपनीचा माणूस स्कूटरवर आला, आपल्याच घराशी थांबून पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि हसत हसत म्हणाले, काका बघा कसे वर चढलेत! मला वाटलं गंमत आहे. कंपनीनं काकांना आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. तुम्ही कामावरून आलात, हातावर त्या दिवशी निळा रंग होता. मला वाटलं तुम्ही माराल. तुम्ही मारलं नाही. तुम्ही फक्त म्हणालात, ‘‘तुले इचारलं व्हतं का त्यानं?’’ मी म्हटलं, नाही, पण ते खरं होतं ना. तुम्ही म्हणालात, ‘‘खरं व्हतं. पन इचारलं व्हतं का?’’ मग मला हाताला धरून काकांच्या घरी नेलंत आणि म्हणालात, आज ही इथंच जेवेल. काकूंनी मला वाढलं. कोणी एक शब्द बोललं नाही. तो घास मला अजून आठवतो, तुरीच्या डाळीची आमटी आणि भात. त्या रात्रीपेक्षा तुम्ही मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटायचं.

तर ती मुलगी कामाला लागली. आणि मी तिच्या मागावर. जिन्यात ती भेटली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची. ती ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाली तर त्यात काहीतरी आहे असं वाटायचं, नाही म्हणाली तर जास्तच वाटायचं. ती इमारतीतल्या एकेका घरात जाऊन बसत होती, फोन टेबलावर ठेवून. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मला खाली भेटले तर म्हणाले, ‘‘तुमची पोरगी वकिलासारखी विचारते.’’ सगळ्यांकडे गेली, माझ्याकडे आली नाही. मी एकदा वर्गात मुद्दाम म्हटलं, कोणावर थेट आरोप येत असेल तर तो भाग आपण वेबसाइटवर घेणार नाही. तिनं हात वर केला. ‘‘मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, सांगितलं तसं ठेवायचं.’’ मी म्हटलं, ‘‘ठेवायचं. पण जबाबदारीनं.’’ ती ‘बरं’ म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. दिवसभर मला ते ‘बरं’ ऐकू येत होतं.

मुलांचं सगळं काम एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतं आणि मार्गदर्शक म्हणून मला ते उघडता येतं. पण प्रत्येकाची कच्ची टिपणं मी बघणार नाही, असं मीच त्यांना कबूल केलं होतं. एका दुपारी कॉम्प्युटर रूममध्ये कोणी नसताना मी तिची टिपणं उघडली. इमारतीतल्या घरांची यादी होती. प्रत्येक नावापुढं एक छोटा शेरा. ‘तेव्हा गावाला होते.’ ‘फोन नव्हता, मुलाचा वापरायचे.’ ‘चिडले, पण खोटं बोलत नाहीत वाटतं.’ माझ्या नावापुढं लिहिलं होतं, ‘विचारायची गरज नाही.’ आबा, मी ते चार-पाच वेळा वाचलं. विचारायची गरज नाही, म्हणजे काय? कळलंच आहे, म्हणून? की मी तशी नाही, म्हणून? मी खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. पुरावा सापडल्यासारखी फाइल बंद केली आणि घरी गेले. वाटेत मला त्या मुलीचा राग आला होता. मुलांना कशाला शिकवावं, असंही वाटून गेलं.

त्या रविवारी ती एडवणला गेली, एकटीच. जुन्या मैत्रिणीला पाच वर्षांनी भेटायला. मंगळवारी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ‘‘मॅडम, आपल्या बिल्डिंगचं पान काढून टाकू या.’’ मी म्हटलं, ‘‘का गं?’’ ‘‘काही मिळालं नाही.’’ ‘‘एडवणला?’’ ‘‘तिथं पण नाही.’’ ती खोटं बोलत होती, हे एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. मला वाटलं, ही मला वाचवतेय. आणि मी काय केलं? मी म्हटलं, ‘‘ठीक आहे. काढून टाक.’’ एवढंच. तिनं मान हलवली. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दुपारी झोपले.

चार दिवसांनी तिची आई माझ्या दारात आली. माझा ब्लाऊज शिवून झाला होता, तो द्यायला. तिला मी आत बोलवलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर. म्हणाली, ‘‘मॅडम, एक विचारू का? लेकरू माझ्यासंगं बोलत नाही. डबा नेत नाही. तुमच्याशी काही बोलली का?’’ मी नाही म्हटलं. मग ती सांगायला लागली. मुलीनं एडवणच्या मैत्रिणीचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं होतं आणि ते तिच्यापुढं लावलं होतं. त्यात मैत्रीण म्हणत होती, तुझ्या आईनंच फोन केला, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ‘‘तिला वाटतं मीच केला. लहान होती तेव्हापासून तिच्या मनात तेच आहे. त्या कॉलेजच्या कामात तिनं हे निवडलं ते माझं नाव पुसायला. आन् आता म्हणती, आई, तू खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही. मी काय सांगू? मी नाही केला वो.’’

मी म्हटलं, ‘‘मग तसं सांगा तिला.’’

‘‘सांगितलं. पण जोर लावून नाही सांगितलं.’’ ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. ‘‘मॅडम, तुमच्याशिवाय हे कुणाला बोलले नाही. मला वाटतं ह्यांनी केला. त्या दिवशी दुपारी हे गच्चीत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी पाच वर्षं विचारलं नाही. मी लेकराला ‘मी नाही’ म्हटलं तर ती म्हणल, मग कुणी? आन् बापाकडं बघल. त्यापरीस माझ्यावरच राहू दे म्हटलं.’’

आबा, मी त्या बाईला चहा केला. तिनं तो बशीत ओतून प्यायला आणि ब्लाऊजची बाही सैल वाटली तर सांगा म्हणाली. दार लावून मी तिथंच उभी राहिले. पहिल्या मजल्यावर एका घरात तीन माणसं राहत होती, मुलीचा आईवर संशय, आईचा बापावर, आणि एकमेकांना वाचवण्यासाठी दोघी गप्प. आणि मी त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, माझ्याबद्दल कोणाला काय कळलंय याची चिंता करत बसलेली. त्या मुलीला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. ‘विचारायची गरज नाही’ म्हणजे मॅडम तशा नाहीत, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. कॉम्प्युटर रूममध्ये पंखा चालू होता, बाकीची मुलं गेली होती. मी म्हटलं, ‘‘तुझ्या आईनं फोन केला नव्हता. बाबांनीही नाही. मी केला होता.’’

मला वाटलं रडेल, किंवा उठून जाईल. तिनं दप्तरातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘मॅडम, रेकॉर्डिंग चालू करू?’’

‘‘कर.’’

‘‘आधी कागद.’’ तिनं संमतीचा कागद माझ्यापुढं सरकवला. मीच तयार केलेला. मी ‘नाव द्यावं’ वर खूण केली आणि सही केली. तिनं सही नीट वाचली, जणू माझी सही ती पहिल्यांदाच बघत होती.

मग तिनं विचारलं आणि मी सांगितलं. ती खरंच वकिलासारखी विचारते. तुम्ही कुठं उभ्या होतात? घरात कोण होतं? पलीकडून कोण बोललं? मी सांगितलं की एक बाई होती आणि शेवटी ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली. ‘‘किती वाजता केलात?’’ ‘‘बाराच्या सुमाराला.’’ ‘‘गाडी सहाला आली.’’ ‘‘हो.’’ ‘‘मध्ये सहा तास.’’ ‘‘त्यांना यायला उशीर झाला असेल.’’ तिनं ते लिहून घेतलं. ‘‘माझ्या आईचं नाव सगळे घेतात, हे तुम्हाला माहीत होतं?’’ ‘‘होतं.’’ ‘‘पाच वर्षं?’’ ‘‘पाच वर्षं.’’ तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाली, ‘‘माझ्या यादीत तुमच्या नावापुढं मी काय लिहिलं होतं, माहीत आहे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ तिनं सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला. शिक्षकांना तो चेहरा करता येतो.

त्या संध्याकाळी पहिल्या मजल्यावरून मोठ्यानं बोलण्याचा आवाज आला, मग भांड्यांचा आवाज. तिचे वडील गच्चीत कोणाशी बोलत होते तेही मला नंतर कळलं. कंपनी बंद म्हणून गावाकडच्या भावाकडे धान्य मागत होते आणि बायकोला ते कळू नये म्हणून वर गेले होते. मुलीची आई दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली. बाजूला सरकून मला वाट दिली. तिच्याकडे शिवायला दिलेली माझी आणखी दोन कापडं होती, ती तिनं शेजारच्या मुलाकरवी न शिवताच वर पाठवून दिली, नीट घडी घालून.

एडवणला मी एकटीच गेले. समुद्राच्या बाजूला घर आहे त्यांचं, अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. तळमजल्यावरची ती बाई टोपलीजवळ बसली होती. पाच वर्षांत जाडी झाली होती, केस पांढरे. मला ओळखलं. ‘‘मॅडम, तुमी? बसा की.’’ मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. तिचा हात टोपलीतच राहिला. मग ती म्हणाली, ‘‘तुमी?’’ मी हो म्हटलं. ‘‘तुमच्या घरी मी पापलेट दिला होता दिवाळीत.’’ मी हो म्हटलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, लोक जमतील. मी त्याची तयारी करून गेले होते. ती हळूच बोलत होती. ‘‘माज्या आयला खोकला होता, पन तो म्हातारपनाचा. तिला नेली तेवा ती मला म्हनते, आमी परत येनार ना गं? मी म्हटलं, येनार.’’ मग तिनं टोपलीतला हात काढून पदराला पुसला. ‘‘मी त्या वरच्या बाईला पाच वर्सं शाप देते. रोज. तिच्या पोरीला पन दिला हाय. आता ते कोन परत घेनार? तुमी?’’ तिनं टोपली जवळ ओढली. ती म्हणाली, ‘‘तुमी जावा आता. तुमाला शिव्या द्यायच्या तर मला येल लागल. तोंडात अजून तिचंच नाव हाय.’’

मी फाटकापाशी पोचले तेव्हा तिची मुलगी आतून बाहेर आली होती आणि हातातल्या फोनवर कोणाचा तरी नंबर शोधत होती. तो पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा होता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दोघी आता बोलतात. रोज नाही. त्यांच्या आया अजून बोलत नाहीत.

आमच्या इमारतीचं पान वेबसाइटवर आहे. कॉलेजात मला बोलावून विचारलं गेलं की हे ठेवायलाच हवं का. मी म्हटलं, संमती दिलेली आहे. स्टाफरूममध्ये काही जण माझ्याशी जरा जपून बोलतात. एका सहकाऱ्यानं विचारलं, त्या वेळी ते कर्तव्यच नव्हतं का, आपण सगळ्यांनीच कोणा ना कोणाबद्दल सांगितलं असेल. तो कोणाबद्दल बोलत होता, ते मला विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. पानावर माझा आवाज आहे, चौदा मिनिटांचा. मी तो एकदाही पूर्ण ऐकला नाही. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी त्या मुलीच्या कामाला सगळ्यात चांगलं म्हटलं. ते म्हणाले, मुख्य साक्षीदारानं काहीच लपवलेलं नाही, असं क्वचित मिळतं. ती मुलगी माझ्याकडे न बघता खाली बघत होती.

हे पत्र मी कॉलेजच्या कागदावर लिहितेय आणि कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून पुढचं लिहिता येतंय. आबा, गाडीला उशीर झाला नव्हता. बारा वाजता मी फोन केला तेव्हा ती बाई म्हणाली, नाव-पत्ता लिहून घेतलाय, बघतो. नुसता खोकला असेल तर आम्ही घरीच राहायला सांगतो. कोणी आलं नाही. चार वाजता मी चहा घेतला. साडेचारला मी पुन्हा फोन लावला. या वेळी आई झोपली होती. मी सांगितलं की म्हातारीला ताप आहे, खूप आहे. तिला ताप आहे की नाही, मला माहीत नव्हतं. मी तिच्या जवळही गेले नव्हते.